भ्यालेल्या पोरांची झोप

पोर मध्यरात्रीं किंचाळून उठलें कीं आमच्या शेतकरी-कारागिरांच्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो "कोणाची नजर लागली?" हा. दुसऱ्या दिवशीं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलींत पडतात. चार दिवसांनीं गळ्यांत गंडा येतो. पंधरा दिवसांनीं कोणीतरी शहाणा पंचांग उघडून राहु-केतूचा हिशेब मांडतो, आणि महिना भरतो न भरतो तों बापानें सावकाराचें कर्ज काढून शांत केलेली असते. एवढें सारें होईपर्यंत त्या पोराला जवळ घेऊन कोणी एवढेंच विचारीत नाहीं कीं, "बाळ, तुला झोपेंत काय दिसतें?" हा प्रश्न फुकटचा आहे, म्हणूनच कीं काय, तो कोणास सुचत नाहीं.

आम्ही आज ज्या पोरांविषयीं लिहीत आहों तीं नुसतीं हट्टी किंवा भित्रीं पोरें नव्हेत. ज्यांनीं डोळ्यांदेखत घर पडलेलें पाहिलें, ज्यांच्या बापानें कर्जापायीं जीव दिला आणि तें प्रथम ज्यांच्याच नजरेस पडलें, ज्यांनीं पुराच्या पाण्यांत माळ्यावर रात्र काढली, ज्यांच्या अंगावर घरच्याच माणसानें हात टाकला, अशीं हीं पोरें. त्यांत सहा वर्षांचीं आहेत, तशीं सोळा-सतरा वर्षांचींहि आहेत. दिवसा तीं हंसतात, ढोरें वळतात, शाळेंत जातात, भाकरी खातात. म्हणून आम्ही समजतों कीं पोर विसरलें. विसरलें कीं नाहीं तें रात्र सांगते.

किल्लारीची हकीकत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना ठाऊक आहे. ता. २९ सप्टेंबर १९९३ रोजीं अनंत चतुर्दशी होती. गणपति बोळवून थकलेलीं गांवें गाढ झोपलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं, ता. ३० रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) ह्या जिल्ह्यांतील जमीन हालली, आणि दगड-मातीच्या जाड भिंती व त्यांवरचीं मातीचीं जड धाबीं निजलेल्या माणसांच्या उरावर आलीं. सुमारें १०,००० माणसें मेलीं. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, मरण आलें तें झोपेंत आलें, आणि तें बाहेरून चालून आलें नाहीं. ज्या छपराच्या भरंवशावर माणूस डोळे मिटतो त्या छपरानेंच घात केला. अशा रात्रींतून वांचलेल्या पोरानें पुढें छपराखालीं डोळे मिटावयास नकार दिला तर त्यांत वेड तें कोणतें? त्याच्या बुद्धीनें एकच धडा घेतला: निजलास तर मेलास. धडा खोटा असेल, पण पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर पडलेला होता.

पुढें सरकारनें ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. घराचें माप जमिनीच्या मापावरून ठरलें: भूमिहीनाला २५० चौरस फूट, लहान शेतकऱ्याला ४५०, मोठ्याला ७५०. (भूकंपानें गाडतांना कोणाचा सातबारा पाहिला नव्हता, उठवितांना मात्र तो पाहावा लागला. असो.) घरें झालीं हें चांगलेंच झालें. पण पंचनाम्याच्या कागदावर मेलेल्या माणसाला रकाना असतो, म्हशीला असतो, पडलेल्या भिंतीला असतो. पोराच्या मोडलेल्या झोपेला रकाना नसतो. तीस वर्षांनीं, ता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, रायगड जिल्ह्यांत खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड आली. तेव्हांहि आमचे ठाकर बांधव निजेच्याच वेळीं गाडले गेले. २७ प्रेतें सांपडलीं. शोध थांबला तेव्हां ५७ माणसें बेपत्ताच होतीं. कांहीं लेंकरें आश्रमशाळेंत राहत होतीं म्हणून वांचलीं. वांचलेल्या लेंकराला घर मिळतें, दप्तर मिळतें, पुढाऱ्याबरोबर फोटोहि मिळतो. रात्रीं दोन वाजतां त्याच्या उशाशीं कोण असतें, हा आमचा सवाल आहे.

ही झोप कां मोडते तें समजण्यास शेतावरचें कुत्रें पाहावें. एकदां खळ्यावर चोरी झाली कीं पुढें कित्येक रात्री तें पाचोळा हालला तरी उठतें. माणसाच्या मेंदूंतहि अशी राखण आहे. संकट दिसतांच ती छातीची धडधड वाढविते, हातापायांत बळ आणते, डोळ्यावरची झोप उडविते. संकट टळल्यावर ती सैल पडावी, असा सृष्टीचा नियम. परंतु धक्का फार मोठा असला तर ती सैल पडत नाहीं. आणि निजणें म्हणजे तरी काय? राखण सोडून देणें. म्हणून असें पोर अंधाराला भितें असें आपण म्हणतों तेव्हां खरें म्हणजे तें झोपेलाच भीत असतें. अंथरुणावर पडून वाशांकडे बघत राहतें, आईचा पदर सोडीत नाहीं, भांडें पडलें तरी ताडकन उठतें. डोळा लागलाच तर उत्तररात्रीं, जेव्हां स्वप्नांचा भर अधिक असतो तेव्हां, तीच भिंत पुन्हां पडते. सकाळीं अंग मोडलेलें, डोळे तारवटलेले. शाळेंत डुलकी लागते, पाठ होत नाहीं, जराशावरून मारामारी होते. शाळेंत मारणें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें बंद झालें आहे, तरी "आळशी", "मठ्ठ" हे शब्द अजून बंद व्हावयाचे आहेत. आणि झोप जितकी कमी, तितकी भीति दुसऱ्या रात्रीं जास्त. घाण्याच्या बैलासारखें हें फिरत राहतें.

येथें एक भेद सांगणें जरूर आहे. कांहीं लहान पोरें निजल्यावर पहिल्या एक-दोन तासांतच उठून बसतात. डोळे उघडे, किंकाळ्या, आईलाहि ओळखीत नाहींत. थोड्या वेळानें पुन्हां निजतात, आणि सकाळीं त्यांना कांहीं म्हणतां कांहीं आठवत नाहीं. हा झोपेंतला दचका होय. तो कसलाहि धक्का न बसलेल्या धडधाकट पोरांनाहि होतो आणि बहुधा वयाबरोबर जातो. त्या वेळीं पोराला गदगदा हालवूं नये. पडूं-लागूं नये एवढें पाहावें. भुताचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून भगत जो पुढें करतो तो हाच बिचारा दचका! उलट जें पोर उत्तररात्रीं खरोखर जागें होतें, घामानें भिजलेलें असतें, काय दिसलें तें सांगूं शकतें आणि फिरून निजावयास भितें, त्याला पडलें तें दुःस्वप्न. तेंच तें स्वप्न वरचेवर येऊं लागलें आणि महिना उलटून गेला, तर आपोआप जाईल म्हणून वाट पाहूं नये.

आतां भिक्षुकशाहीविषयीं. रात्रीं भिणारें पोर म्हणजे ह्या धंद्याला चालून आलेलें गिऱ्हाईक. पूर्वीं हा धंदा एका जातीच्या हातीं होता. आज तो सर्व जातींच्या हातीं आहे, आणि त्यांत आमचे बहुजन बंधूहि मागें नाहींत, हें आम्ही लाजेनें परंतु स्पष्टपणें लिहितों. कालसर्प, साडेसाती, पितृदोष, बाहेरची बाधा, ज्याला जें विकतां येईल तें तो विकतो. आजीनें मीठ-मोहऱ्यांनीं दृष्ट काढली तर आम्ही भांडणार नाहीं. मिठांत कांहीं नसतें; पण ती पोराला मांडीवर घेते, पाठीवरून हात फिरविते, त्या हातांत मात्र पुष्कळ असतें. तेवढा हात ठेवावा आणि मीठ कालवणांत घालावें. परंतु भूत उतरविण्याच्या नांवाखालीं पोराला दोरानें बांधणें, झोडपणें, मिरच्यांची धुरी देणें हे प्रकार २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हे ठरले आहेत. आधींच भ्यालेल्या लेंकराला भीतीचा आणखी एक डोस देऊन भीति काढूं पाहणाऱ्या शहाण्याला काय म्हणावें?

भगत सोडला म्हणजे दुसरा एक देव वाटेंत भेटतो, तो म्हणजे गोळी. तालुक्याच्या औषधांच्या दुकानांत चिठ्ठीवांचून "झोपेची एक पट्टी द्या" म्हणणारे बाप आहेत आणि देणारेहि आहेत. थोरल्या पोरांनीं तर गोळीऐवजीं दारूचा रस्ता स्वतःच शोधलेला असतो. त्या दारूमागें पुष्कळदां चैन नसून जागरण असतें, हें बापानें हातांत काठी घेण्यापूर्वीं लक्षांत घ्यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ सालीं ह्या बाबतींत नियम घालून दिले. त्यांत असें स्वच्छ सांगितलें आहे कीं, मोठा आघात झाल्यावर पहिल्या महिन्यांत झोप येत नाहीं म्हणून मुलांना किंवा किशोरांना बेंझोडायझेपीन जातीच्या झोपेच्या गोळ्या देऊं नयेत. ही गोळी राखणदाराला शहाणें करीत नाहीं. त्याला गुंगी आणते, आणि तिची संवय जडते. दुःस्वप्नांवर प्राझोसिन नांवाच्या औषधाचा मोठा बोलबाला होता. अमेरिकेंत युद्धावरून आलेल्या शिपायांवर त्याची मोठी पारख झाली, आणि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालांत तें औषध खोट्या गोळीहून सरस ठरलें नाहीं. औषधें सारींच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. डॉक्टरनें तपासून दिलेलें औषध आमचा लेख वाचून कोणीं एकाएकीं बंद करूं नये. आमचें म्हणणें इतकेंच कीं, अशा पोरांसाठीं पहिला उपचार गोळी नव्हे.

मग पहिला उपचार कोणता? पहिल्या महिन्यांत बहुतेक पोरांना वैद्य लागत नाहीं, माणूस लागतें. आपण सुरक्षित आहों हें त्याला रोज दिसावें लागतें: तेंच ताट, तीच शाळा, तीच निजण्याची जागा, आणि शेजारीं तेंच माणूस. सांगावेंसें वाटलें तर ऐकावें. पण पाहुणा आला कीं "सांग रे, भिंत कशी पडली" म्हणून त्याच्याकडून वदवून घेऊं नये. वर्तमानपत्रवाल्यांनींहि हें ध्यानांत ठेवावें, त्यांत आम्ही आलोंच. पोरानें अंथरूण ओलें केलें तर मारूं नये, चारचौघांत हंसूं नये. जागतिक संघटनेच्या त्याच नियमांत ह्याविषयीं शिक्षा टाळावी असें सांगितलें आहे. वसतिगृहांच्या अधीक्षकांनीं तें वाचावें. पोराला ओल्या गोधडीसह अंगणांत उभें करणारा गृहस्थ त्याची दुसऱ्या रात्रींची झोपहि त्याच वेळीं घेऊन जातो.

महिन्यानंतरहि भीति हटली नाहीं, तर शिकलेल्या माणसाची गरज आहे. आघात झालेल्या मुलांसाठीं विचार-वर्तनाचा एक उपचार अमेरिकेंत ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनरिनो व एस्थर डेब्लिंगर ह्या तिघांनीं बसविला. साधारणतः १२ ते १६ बैठकी होतात, आणि त्यांत आई-बापांनाहि बसवितात. पोराला आधीं श्वास संथ करण्यास व अंग सैल सोडण्यास शिकवितात. मग हळूहळू, त्याला झेपेल तितकी, घडलेली हकीकत त्याच्याच तोंडून बाहेर येते. आणि "माझ्यामुळें आई मेली", "मी निजलों म्हणून झालें" असले जे काटे आंत मोडलेले असतात ते एकेक करून काढतात. ह्यांत मंत्र नाहीं, यंत्र नाहीं.

दुःस्वप्नांवरचा उपचार तर ऐकून आमच्या म्हाताऱ्या हंसतील, इतका तो साधा आहे. समजा, २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णाकांठच्या पुरांत अडकलेली एखादी मुलगी आहे. रोज स्वप्नांत पाणी पायऱ्या चढून येतें आणि ती जागी होते. उपचार करणारी बाई तिला दिवसाउजेडीं जवळ बसविते आणि म्हणते, "हें स्वप्न तुझें आहे ना? मग तें तुला हवें तसें बदल." मुलगी ठरविते कीं पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलें, मामा होडी घेऊन आला, आणि होडींत म्हैसहि बसली. म्हैस होडींत मावते कीं नाहीं हा प्रश्न डॉक्टरनें विचारावयाचा नाहीं. स्वप्न मुलीचें आहे. हें नवें स्वप्न ती चित्रांत काढते किंवा लिहिते, आणि रोज जागेपणीं दहा-वीस मिनिटें मनाशीं घोळविते. कांहीं आठवड्यांत पुष्कळांचीं जुनीं स्वप्नें विरळ होतात. अमेरिकेंत कोठडीवजा निवासशाळेंत ठेवलेल्या मुलींवर बॅरी क्रॅको व त्यांच्या सोबत्यांनीं हा प्रयोग केला, तो २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मुलींचीं दुःस्वप्नें कमी झालीं. सुरुवात मात्र सर्वांत भयंकर स्वप्नापासून करूं नये, बेतांतलें एखादें घ्यावें. आणि आघात जबर असेल तर जाणत्याच्या देखरेखीखालीं करावें.

आतां राहिली नुसती न येणारी झोप. हिचा गुण असा कीं, भीतीचीं बाकीचीं लक्षणें गेलीं तरी ही पुष्कळदां संवयीनें मागें रेंगाळते. ह्यावर शहरांतील दवाखान्यांत छापील कागद मिळतो. त्यांत लिहिलेलें असतें: मुलाला स्वतंत्र, शांत, अंधारी खोली द्या. वा! ज्या घरांत एकाच खोलींत चूल, शेळी, हातमाग आणि सात माणसें आहेत तेथें हा कागद काय करावयाचा? ऊंसतोडीच्या कोपीवर तर पहांटे तीनला गाडी जुंपतात तेव्हां पोर गोधडीसकट उचलतात. म्हणून आम्ही आमच्या घरांना झेपेल तेवढेंच सांगतों. निजण्याची वेळ हातीं नसली तरी उठण्याची वेळ एक ठेवावी. सुटीच्या दिवशींहि तीच. रात्रभर जागलें म्हणून थोरल्या पोरानें दुपारीं तीन तास ताणून देऊं नये. दिवे लागल्यावर चहा नको. मोबाईल निजतांना आईच्या उशाखालीं असावा, पोराच्या हातांत नसावा. झोप येत नसेल तर अंथरुणावर तळमळत पडण्यापेक्षां उठून बसावें, शेंगा फोडाव्या, डोळे जड झाले कीं पुन्हां पडावें. अंधाराला भीत असेल तर बारीक दिवा ठेवावा. दिव्यानें कोणी भित्रा होत नाहीं. जागा बदलावयाची असेल तर दाराजवळची द्यावी. पळावयास वाट आहे हें दिसलें कीं पुष्कळांचा जीव खालीं बसतो. आणि बाप रात्रपाळीच्या विजेवर मोटर चालवावयास शेतावर जाणार असेल तर निजण्यापूर्वीं पोराला तसें सांगून जावें. मध्यरात्रीं उठून बाप जागेवर नाहीं असें दिसणें, ज्याचा आधींच कोणीतरी गेलेला आहे त्याला, फार महाग पडतें. शेतीची वीज दिवसा द्या ही मागणी आम्ही पिकासाठीं करतों. ती लेंकरांसाठींहि आहे.

एक गोष्ट लिहावयास जड जाते, पण ती न लिहिणें पाप होईल. सगळींच जागरणें आजार नसतात. कांहीं मुली, आणि कांहीं मुलगेहि, रात्रीं जागतात कारण रात्रीं त्यांच्याजवळ कोणी येतो. अशा पोराची राखण बिघडलेली नाहीं. ती खरें तेंच सांगत आहे. त्याला झोपेची गोळी देणें म्हणजे चोर घरांत असतां कुत्र्याला अफू घालणें. मुलगी एकाएकीं एका विशिष्ट माणसाच्या मुक्कामांत जागूं लागली, दाराला कडी मागूं लागली, आजीच्याच कुशींत निजावयाचा हट्ट धरूं लागली, तर आईनें तिच्यावर ओरडण्याआधीं तो माणूस कोण तें पाहावें. घराण्याची अब्रू ही पोरीच्या अंगापेक्षां मोठी नव्हे. ह्यासाठीं २०१२ चा पोक्सो कायदा आहे, मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा फुकट दूरध्वनि आहे. तेथें आधीं दार बंद व्हावें, त्या माणसाची सावली हटावी, मग झोपेच्या उपचाराची भाषा.

ह्या कामाशीं सत्यशोधकांचा काय संबंध, असें कोणी विचारील. १८७६-७७ च्या दुष्काळांत आई-बापांपासून तुटलेलीं, उपाशीं लेंकरें वाटेवर पडलीं तेव्हां जोतीराव फुल्यांनीं आणि सत्यशोधक समाजानें १८७७ सालीं पुण्याजवळ धनकवडीस त्यांच्यासाठीं व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. तेव्हां भाकरीची गरज होती, ती त्यांनीं ओळखली. आज पुष्कळ ठिकाणीं भाकरी पोंचते आणि लेंकरूं तरीहि जागें असतें.

आणि आम्ही कोणाकडे भीक मागत नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १८ व्या कलमानें सरकारी दवाखान्यांतून ही सेवा मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशांत १९९६ पासून आहे. टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालूं आहे. १४४१६ ह्या आंकड्यावर रात्रीं-बेरात्रीं, फुकट, मराठींत बोलतां येतें. दूरध्वनीनें सर्व होत नाहीं. पण रात्रीं दोन वाजतां भगताच्या दारापेक्षां हें दार जवळ आहे. खरी उणीव आहे ती समोर बसून पोराशीं बोलणाऱ्या माणसाची. जिल्ह्याच्या ठिकाणीं मनाचा डॉक्टर असतो, तेथपर्यंतची एस.टी., एका दिवसाची मजुरी आणि "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलें" हा गांवचा टोमणा, एवढें सारें त्या आईनें पदरचें घालावयाचें. म्हणून आमची मागणी अशी कीं, दरड, पूर, आग वा आत्महत्या घडलेल्या गांवीं तलाठ्याच्या पंचनाम्याबरोबरच पोरांच्या झोपेची चौकशी व्हावी, ती महिन्यानें पुन्हां व्हावी आणि सहा महिन्यांनीं पुन्हां व्हावी; आश्रमशाळांत ह्या कामीं शिकविलेली एक तरी बाई रात्रीं वस्तीला असावी; आणि आशाताईंना झोपेंतला दचका व दुःस्वप्न ह्यांतील भेद तरी शिकवावा.

येत्या ग्रामसभेंत आमच्या वाचकांनीं उठून एवढेंच विचारावें कीं, आपल्या ग्रामीण रुग्णालयांत जिल्ह्याहून मनाचा डॉक्टर कोणत्या वारीं येतो. उत्तर मिळालें तर तो वार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहून घ्यावा. न मिळालें तर प्रश्न लेखी द्यावा, पोंच घ्यावी, आणि तिची एक नक्कल आमच्याकडे धाडावी.